तिसरीचा आठवडा नेमका कुठे जातो?

पत्राचा सारांश: या ताई वसई तालुक्यातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत जूनपासून तिसरीच्या वर्गशिक्षिका आहेत. शाळा धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या) व्यवस्थापनाची, मुख्याध्यापिका सिस्टर. वर्गात 46 मुलं, त्यातली 19 कॅथलिक, बाकीची हिंदू, बौद्ध आणि काही मुस्लिम. ताई स्वतः वारकरी घरातल्या. त्या लिहितात, "आठवडाभर प्रार्थना, धर्मशिक्षण, मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), सणांची तयारी यातच दिवस जातात. नोव्हेंबर आला तरी गणिताचे दोन घटक मागे आहेत. शुक्रवारच्या श्रुतलेखनात दहापैकी दहा मिळवणारी मुलं पुढच्या आठवड्यात तेच शब्द चुकतात. नऊ मुलं अजून अडखळत वाचतात. दुपारची प्रार्थना मला घ्यावी लागते आणि आपण खोटं वागतोय असं वाटत राहतं. परवा एका आईने विचारलं, आमचा मुलगा घरी जेवताना क्रूसाची खूण का करतो? मला उत्तर देता आलं नाही. प्रार्थना घेणार नाही असं सिस्टरना सांगू का? की एखाद्या साध्या शाळेत बदली मागू?"

प्रिय ताई,

पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक वेळेचा, दुसरा मनाचा. त्यांची गाठ तुम्ही अशी बांधली आहे की वेळ प्रार्थनेत जातो, म्हणून अभ्यास मागे पडतो. आधी हीच गाठ सोडवून पाहू.

तुम्ही वेळापत्रक सोबत जोडलंत ते बरं केलंत. सोमवार ते शुक्रवार रोज 8 तासिका, शनिवारी 5. म्हणजे 35 मिनिटांच्या 45 तासिका, एकूण 1575 मिनिटं, सव्वासव्वीस तास. यातला शाळेच्या धार्मिक स्वरूपामुळे जाणारा वेळ काढू. धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षणाच्या दोन तासिका, 70 मिनिटं. दुपारची आणि शाळा सुटतानाची प्रार्थना प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर पाच दिवसांची 30 मिनिटं. पहिल्या शुक्रवारची मिस्सा महिन्यातून एकदा, रांगा लावून चर्चमध्ये जाण्यायेण्यासकट दोन तासिका, म्हणजे आठवड्याला साधारण 17 ते 18 मिनिटं. बेरीज दोन तासांच्या किंचित आत. सकाळचा परिपाठ मी यात धरलेला नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हे जिल्हा परिषदेच्या शाळेतही असतंच.

आता दुसरी बेरीज. एक विषय संपून दुसरा सुरू होताना पुस्तकं आत, वह्या बाहेर, फळा पुसणे, "बाई, पाणी पिऊन येऊ?" यात चार मिनिटं सहज जातात. दिवसात असे सात बदल, पाच दिवसांचे 140 मिनिटं आणि शनिवारच्या चार बदलांचे 16. मिळून 156 मिनिटं, अडीच तासांहून जास्त. शिवाय तपासलेल्या 46 वह्या एकेक नाव घेऊन वाटायला प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी साडेसात मिनिटं लागतात आणि तुम्ही त्या जवळजवळ रोज वाटता.

माझ्या आकड्यांवर विसंबू नका. येत्या सोमवारी टाचण वहीच्या (रोजच्या पाठांचं नियोजन लिहितो त्या वहीच्या) मागच्या पानावर दोन रकाने आखा: "प्रार्थना, धर्म, सण" आणि "बदल, वाटप, शोधाशोध". घड्याळ बघून मिनिटं लिहीत जा. सणाच्या आठवड्यात पहिला रकाना फुगेल, ते खरंच आहे. पण साध्या आठवड्यात दुसरा रकाना मोठा निघाला, तर तो कमी करायला सिस्टरची परवानगी लागत नाही. बाकांच्या ओळीनुसार सहा गट करा, प्रत्येक गटाला एक वहीवाटप्या नेमा आणि वह्या गोळा करतानाच गटवार ठेवा. गटाला सात-आठ वह्या येतात, सहाही मुलं एकदम वाटतात, दीड मिनिटात काम होतं. मराठीनंतर गणित असेल तर मराठीच्या तासाला बसतानाच गणिताची वही बाकावर, मराठीच्या पुस्तकाखाली ठेवायला सांगा. पहिले चार दिवस गोंधळ होईल. दुसऱ्या आठवड्यात मुलं न सांगता करू लागतात.

यापुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमच्या टाचणात प्रत्येक दिवस नव्याने सुरू होतो. सोमवारी एक पाठ, मंगळवारी त्याचा स्वाध्याय, बुधवारी पुढचा पाठ आणि शुक्रवारी अचानक वीस शब्दांचं श्रुतलेखन. मुलं ते शब्द गुरुवारी रात्री आईजवळ बसून पाठ करतात, शुक्रवारी ओततात आणि रविवारपर्यंत विसरतात. शुक्रवारची चाचणी त्यांची पाठांतराची ताकद मोजते आणि तेही एका रात्रीच्या पाठांतराची. शब्द हाताला वळायचे असतील तर ते आठवड्यात चार-पाच वेळा, थोडं विसरल्यावर, पुन्हा भेटले पाहिजेत.

एक आठवडा फक्त 'र'चा घेऊन बघा. तिसरीत खूप चुका इथे होतात, कारण हा एकच वर्ण चार रूपं घेतो: ग्रह मधला पायातला र, सूर्य मधला रफार, ट्रक मधला र आणि दुसऱ्या मधला र. शब्द आठच घ्या: ग्रह, चंद्र, ट्रक, सूर्य, वर्ग, पर्वत, दुसऱ्या, प्रार्थना. शेवटच्या शब्दात दोन रूपं एकत्र आहेत आणि तुमच्या वर्गात तो रोज कानावर पडतो.

सोमवारी लिहायचं नाही, फक्त ऐकायचं. शब्द सावकाश म्हणा आणि विचारा, र आधी ऐकू येतो की नंतर? 'ग्रह' मध्ये ग नंतर र, 'वर्ग' मध्ये गच्या आधी र. आता बहुतेक मुलांची चूक बघा. ती रफार 'सू' च्या डोक्यावर देतात. कानाने ती बरोबर असतात, कारण र ऐकू येतो तो सू च्या लगेच नंतर, म्हणून खूण तिथेच जाते. "चुकलं, पुन्हा लिही" म्हटल्याने ही चूक सुटत नाही. त्यांना "सूर्... य" असं तोडून म्हणायला लावा आणि एकच नियम द्या: र नंतर जे अक्षर बोललो, त्याच्या डोक्यावर रफार. "प्रार्... थ... ना", म्हणजे रफार थ वर. सोमवारी पाच-सहा मुलांकडून फळ्यावर हे तोडून घेतलं की पुरे.

मंगळवारी पाट्या काढा. शब्द बघायचा, पाटी उलटी करून झाकायचा, आठवून लिहायचा आणि मुलाने स्वतःच फळ्याशी ताडून बघायचा. पाहून पाहून दहा वेळा उतरवण्यापेक्षा असं झाकून तीनदा लिहिणं जास्त कामाला येतं, कारण उतरवताना डोळा एकेक काना-मात्रा उचलतो, शब्द डोक्यात राहत नाही. बुधवारी हेच शब्द वाक्यात. गुरुवारी जोड्या: एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल. शुक्रवारी दहा शब्द, पण त्यातले पाच या आठवड्याचे, तीन मागच्या आठवड्याचे आणि दोन शब्द तीन आठवड्यांपूर्वीचे. पालकांना आधी कळवा की गुण सुरुवातीला उतरतील. ते खरोखरच उतरतात आणि न सांगता बदल केलात तर डायरीत चिठ्ठ्या येतील.

पहिल्या शुक्रवारच्या आठवड्यात ही चाचणी गुरुवारी घ्या. मिस्सेहून आलेल्या, भूक लागलेल्या मुलांची उरलेल्या तासिकेत कोंबलेली चाचणी तुम्हाला काहीच सांगत नाही. जूनमध्येच धर्मग्रामाच्या कार्यालयातून वर्षाची दिनदर्शिका मागून घ्यायची असते, पण आताही उशीर झालेला नाही. नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला, पण त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात आणि नाटुकल्या, गाणी, गव्हाण यांची तयारी तिथूनच सुरू होते. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, ईस्टरच्या 46 दिवस आधी येतो, म्हणून दरवर्षी सरकतो. त्या दिवशी अर्धा वर्ग कपाळाला राख लावून चर्चमधून परत येतो, पुढचा तासभर सगळ्यांच्या प्रश्नांचा असतो. तो तास प्रश्नांसाठी मोकळाच ठेवा, नवा घटक सुरू करू नका.

गणिताचं थोडक्यात सांगते. मागे पडलेल्या दोन घटकांतला एक हातच्याची वजाबाकी आहे आणि तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोत चूक स्वच्छ दिसते. 402 − 168, उत्तर 366. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे. 8 आणि 2 चा फरक 6, 6 आणि 0 चा फरक 6, 4 आणि 1 चा फरक 3. ही निष्काळजी चूक नाही, त्याचा एक पक्का, चुकीचा नियम आहे. अशी आणखी वीस उदाहरणं दिली तर तो नियम आणखी पक्का होईल. शतकाचे चार गठ्ठे करा, प्रत्येकात दहा-दहा काड्यांच्या दहा जुड्या. दोन सुट्या काड्यांतून आठ द्यायच्या आहेत, दशकाची जुडी एकही सुटी नाही. मग एक शतक सोडायचं, दहा जुड्या मिळतात, त्यातली एक सोडायची. हातात उरतात 3 शतकं, 9 दशकं, 12 एकक. त्यातून 1 शतक, 6 दशकं, 8 एकक दिले की राहतात 234. मध्ये शून्य असलेली अशी दोनच उदाहरणं एका तासिकेत, पण काड्यांनी. मग वहीत. हा घटक तीन दिवसांत पुढे सरकेल.

आता ती नऊ मुलं. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने (लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या पायासाठीच्या कार्यक्रमाने) तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, समजून, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा घ्या, एकेकाला बाजूला बोलावून एक मिनिट वाचायला लावा, बरोबर वाचलेले शब्द मोजा. तारीख आणि आकडा, एवढंच लिहा. मुलांना आकडा सांगू नका. तिशीच्या खाली असतील त्यांना तिसरीचा पाठ पुन्हा पुन्हा वाचायला लावून उपयोग नाही, त्यांची अडचण बाराखडीत किंवा जोडाक्षरात आहे. बदलांत वाचवलेल्या वेळातली रोजची दहा मिनिटं त्यांना द्या, बाकीचे तेव्हा झाकून लिहिण्याचा सराव करतील. आणि हे तपासा की यातल्या कितीजणांच्या घरी कादोडी, वाडवळी, वारली किंवा हिंदी बोलतात. अशा मुलाला अक्षर येत असतं, शब्दच ओळखीचा नसतो. त्याला आधी तो शब्द गोष्टीतून तोंडी भेटवायचा, मग वाचायला द्यायचा.

धर्माच्या तासिकांबद्दल तुमच्या मनात जी भीती आहे ती बरीचशी माहिती नसल्याने आलेली दिसते. संविधानाचा अनुच्छेद 28(3) सांगतो की राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याचं अनुदान घेणाऱ्या संस्थेतल्या कुणालाही स्वतःच्या, आणि मूल असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही 2024 मध्ये आपल्या शाळांना कळवलं की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी. म्हणूनच वेळापत्रकात त्या दोन तासिकांना कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला जातात. धर्मशिक्षण तुमच्याकडे नाहीच. प्रथम ख्रिस्तप्रसादाची (मूल चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं त्या संस्काराची) तयारी, संस्कारांची शिकवण हे श्रद्धेने आणि प्रशिक्षणाने धर्मशिक्षकाने करायचं काम आहे, ते तुमच्याकडून करून घेणं चर्चलाही पटणार नाही.

राहिली दुपारची प्रार्थना. "मी घेणार नाही" आणि "मला खोटं वाटतं तरी घेते" या दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे. सिस्टरना सांगा की प्रार्थना मुलांनी चालवावी, मी पाळी लावून देते. इच्छा असलेली कॅथलिक मुलं आळीपाळीने "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणतील, बुधवारी उद्देशिका, शुक्रवारी सगळ्यांना म्हणता येईल असं गीत. तुम्ही हात जोडून शांत उभ्या राहा. क्रूसाची खूण तुम्ही करायची गरज नाही, केली नाही म्हणून कुणाचा अपमान होत नाही. उलट जो विश्वास आपला नाही त्याची खूण सवयीने करत राहिलात, तर ज्यांचा तो खरा विश्वास आहे त्या 19 मुलांनाही तुम्ही काहीतरी पोकळ दाखवत असता. तुमची अस्वस्थता मला म्हणूनच चांगली वाटते. पाठीमागे उभं राहून वह्या तपासणं मात्र नको. तीन मिनिटं खरोखर थांबा, मुलंही थांबतात.

त्या आईला काय सांगायचं? आठ वर्षांची मुलं शेजारच्याचं बघून करतात. डबा उघडायच्या आधी ज्याच्या शेजारी तो बसतो, तो खूण करत असणार. आईंना शाळेत बोलवा, वेळापत्रकाची प्रत हातात द्या, प्रार्थनेत नेमके कोणते शब्द म्हटले जातात ते सांगा आणि विचारा, "तुमच्याकडे जेवायच्या आधी काय म्हणतात?" 'वदनी कवळ घेता' म्हणत असतील तर मुलाला सांगता येईल, "तू तुझं म्हण, तो त्याचं म्हणेल." मुलाला रागवू नका आणि आईंनाही तसं सुचवा. खूण केली म्हणून ओरडा बसलेलं मूल शेजारच्या मित्राकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं. आईंनी मिस्सेला पाठवायचं नाही म्हटलं, तर तसं लेखी घ्या आणि त्या वेळेत त्या मुलाला वाचनालयात कुणाच्या तरी देखरेखीखाली बसवायची सोय आधीच करून ठेवा. नुसतं रिकाम्या वर्गात बसवणं ही शिक्षाच होते.

एक भेद मात्र तुम्हाला स्वतःला करता यायला हवा. संतावर श्रद्धा ठेवायला शिकवणं आणि तो माणूस आपल्या गावचा होता हे शिकवणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत म्हणून घोषित झाले. परिसर अभ्यासात वसईच्या किल्ल्याबरोबर हे सगळ्या 46 मुलांना सांगता येतं. 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, तो गोन्सालोंच्या मृत्यूनंतर किती वर्षांनी? ज्यांना चार अंकी वजाबाकी झेपते ती मुलं 142 काढतील. फेब्रुवारीत गावात सणाची गडबड असेल, तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाला ती कशाची हे माहीत असेल. पण प्रत्येक सण ओढूनताणून गणितात घालू नका, मुलांना तो ताण कळतो.

बदलीबद्दल: अनुदानित खासगी शाळेत बदली सहसा त्याच व्यवस्थापनाच्या शाळांत होते, म्हणजे तिथेही मिस्सा आणि राखेचा बुधवार असतीलच. दुसरीकडे नव्याने अर्ज करायचा असेल तर तो तुमचा अधिकार आहे. तो निर्णय मात्र वर्षअखेरीला घ्या. आत्ता सोडलंत तर हातच्याची वजाबाकी अर्धवट राहिलेल्या 46 मुलांपुढे सत्राच्या मध्यात नव्या बाई येतील.

इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंट शाळांतल्या शिक्षकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त 'र'च्या जागी त्यांच्या भाषेतली अवघड जोडणी येईल. पालक हे वाचत असतील तर एकच करा: गुरुवारी रात्री वीस मिनिटं बसवण्याऐवजी सोमवार ते गुरुवार रोज पाच मिनिटं शब्द झाकून लिहून घ्या.

ताई, पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर सिस्टरकडे जा, दोन रकान्यांचं ते पान सोबत न्या. प्रार्थनेची पाळी, गुरुवारची चाचणी आणि मिस्सेच्या वेळची वाचनालयाची सोय, एवढ्या तीनच गोष्टी मागा. नाताळच्या सुट्टीनंतर त्या नऊ मुलांना तेवढाच अवघड, पण दुसरा उतारा वाचायला द्या आणि त्यांचे आकडे मला नक्की कळवा.